वर्षागणिक शांत होणारी गाडी

त्या इमारतीच्या आवारात ओळीनं उभ्या असलेल्या गाड्या पाहून नवख्या माणसाला वाटे, इथं कुठल्या तरी कंपनीचं गोदाम असावं. सगळ्या एकाच कोरियन कंपनीच्या, सगळ्या छोट्या, सगळ्या स्वस्तातल्या, आणि नाकीडोळी इतक्या सारख्या, की एकाच आईची लेकरं न्हाऊनमाखून फोटोला उभी राहिली आहेत असं वाटावं. कंपनीनं त्या इमारतीत कधी विक्रेता पाठवला नव्हता की साधा कागद चिकटवला नव्हता. ते सगळं कर्तृत्व एकट्या टिकटिककाकांचं.

टिकटिककाका म्हणजे तळमजल्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. आत एक स्टूल, एक दिवा आणि भिंतीवर वेगवेगळी वेळ दाखवणारी घड्याळं. डोळ्याला भिंग आणि बोटांत चिमटा असला तरी त्यांचं खरं भांडवल होतं कान. घड्याळ आलं की ते आधी उघडत नसत. कानाशी धरत, डोळे मिटत, समोरच्याला थोडं ताटकळत ठेवत आणि मग सांगत, "धूळ खाल्लीय यानं." किंवा, "हे पडलंय. आणि तुमच्याच हातून पडलंय." गिऱ्हाईक मान खाली घालून कबुली देई. उघडल्यावर तेच निघे. बाजारात बोलवा होती, की याच्यासमोर खोटं बोलू नये, मनगटावरचं घड्याळ चुगली करील.

मग सेलवर चालणारी घड्याळं आली. काकांनी ती एकेक करून कानाशी धरली, खाली ठेवली आणि निकाल दिला, "मुकी झाली सगळी. मुक्यांशी काय बोलायचं?" आणि ताठ मानेनं दुकान आवरलं. यातलं थोडं खरं होतं. नवी घड्याळं कमी बोलत. पण अगदीच मुकी नव्हती, आणि ही गोष्ट जगात एकाच बाईला ठाऊक होती. ती बाई काकांच्याच स्वयंपाकघरात, काकांच्याच संसारात, तोंडाला कुलूप लावून वावरत होती.

दुकान गेलं त्या वर्षी गाडी आली. हयातभर एका स्टुलावर बसलेल्या माणसाला चारचाकीची हौस असणार, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शोरूममधल्या तरुण विक्रेत्यानं चारही दारं उघडून दाखवली, पुढचं झाकण, मागची डिकी, सगळं दाखवलं. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "धूळ कुठल्या रंगावर दिसत नाही?" म्हणून गाडी राखाडी आली. काकांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी बॉनेटला कान लावला. विक्रेता घाबरला, पण काकांनी मान डोलावली आणि व्यवहार ठरला.

आसनांवरचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नाही. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटे, उठताना चर्रकन आवाज होई आणि काकू म्हणत, "कातडं सोलून निघालं तरी चालेल, गाडी नवी राहिली पाहिजे." काकांना यातलं पहिलं वाक्य ऐकू येत नसे आणि दुसरं पटत असे.

वरच्या मजल्यावर औषधाचं दुकान चालवणारा एक चाळिशीचा गृहस्थ राही. इमारतीत त्याला सगळे औषधवाला म्हणत. त्याला गाडी घ्यायची होती, पण त्याचा स्वभाव असा, की पाण्याचा पेला घेतानाही आधी कोणी तरी पिऊन दाखवावं. काकांची गाडी दोनतीन वर्षं नांदलेली पाहून तो खाली येऊन तिच्याभोवती घुटमळू लागला.

"काका, अनुभव काय तुमचा? खरं सांगा हं. शेवटी पैसा कष्टाचा."

"खरंच सांगतो. मला खोटं सांगून काय मिळणार, कंपनी काय माझा जावई आहे?" काका गाडीला एक प्रदक्षिणा घालत. हा त्यांचा प्रवेश होता आणि त्याला ते कधी घाई करत नसत. "गार हवा फेकते. पेट्रोल जपून पिते. पार्ट कुठंही मिळतो. पत्रा पातळ आहे, मान्य. पण तुला काय ती भिंतीवर घालायची आहे? आणि एक गोष्ट सांगतो, ती तुला कंपनीचा माणूससुद्धा सांगणार नाही."

"कुठली?"

"ही गाडी वर्षागणिक शांत होते."

औषधवाल्यानं कान टवकारले.

"पहिल्या वर्षी थोडी कुरकुरायची. नवं लग्न, नवं घर. दुसऱ्या वर्षी निम्मी कुरकुर गेली. आता तर चालू आहे की बंद, हे काट्यावर पाहावं लागतं. बाकी सगळी यंत्रं म्हातारपणी बडबडायला लागतात. ही शहाणी. हिनं वयाबरोबर तोंड आवरलं." आणि त्यांनी बसून किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. औषधवाल्याला शिवणयंत्रावर कोणी जाड कापड शिवतंय असा आवाज स्पष्ट ऐकू आला. पण समोर डोळे मिटून, चेहऱ्यावर समाधान घेऊन बसला होता तो माणूस ज्याच्या कानाची बाजारात शपथ घेतली जाई. अशा कानापुढं आपल्या कानाची काय पत्रास? औषधवाल्यानं महिन्याभरात तशीच गाडी आणली. त्याचं पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंनी आणली. बाईंचं पाहून शिंप्यानं, शिंप्याचं पाहून शिंप्याच्या मेहुण्यानं. सगळ्यांना काकांनी तेच सांगितलं, सगळ्यांनी तेच ऐकलं आणि आवार भरलं.

आता तक्रारींचा अंक सुरू झाला. गाड्या तशा गुणी होत्या. पहाटे पहिल्या झटक्यात सुरू होत, चढावर रुसत नसत, पाहुण्यांसमोर लाज काढत नसत. पण स्वस्तातली गाडी ती, दोनतीन वर्षांनी तिचा डॅशबोर्ड बोलायला लागला. खड्ड्यात चाक गेलं की आतून कोणी तरी पत्त्यांचा डाव पिसतंय असा आवाज येई. औषधवाला वर्कशॉपमध्ये गेला. तिथं पोचताच आवाज बंद. मेकॅनिकसमोर ती गाडी अशी गप्प बसली, जसं आजारी पोर डॉक्टरसमोर हसावं. बाहेर पडला तर फाटकातच पत्ते पुन्हा सुरू.

तो काकांकडे आला. काका त्याच्या गाडीत बसले, डोळे मिटले, एक फेरी मारायला लावली आणि उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही नाही रे. झोप नीट होते का तुझी?"

"काका, आत्ता वळणावर झालाच की आवाज."

"मनाचे खेळ असतात. गाडी ठणठणीत आहे."

बिचारा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि कान उत्तम असल्याचं सांगून परत पाठवलं. थोड्या दिवसांनी शाळेतल्या बाई गेल्या. त्यांचेही कान उत्तम. मग शिंपी गेला. डॉक्टरांना कळेना, की ही कुठली इमारत आहे, जिथली माणसं चांगले कान घेऊन रांगेनं येतात. ज्यानं जायला हवं होतं, तो मात्र आवारात गाडी पुसत उभा होता.

काकूंचं काय चाललं होतं, ते आता सांगायला हवं.

काका गाडी चालवत तेव्हा काकू शेजारी बसत आणि त्यांचा उजवा हात काकांच्या गुडघ्याजवळ असे. मागून हॉर्न आला की एक थाप. बाजूनं दुचाकी घुसली की दोन. पोलिसानं शिट्टी मारली तर हात तिथंच दाबून धरायचा. हे सगळं काकूंनी कोणालाही न विचारता ठरवलं होतं आणि काकांना तर मुळीच सांगितलं नव्हतं. काका थाप पडली की आपोआप आरशात पाहत, बाजूला घेत आणि संध्याकाळी आवारात सांगत, "आमची ही फार भित्री. सारखी गुडघ्यावर हात मारते. मी म्हणतो, मारू दे. तिला तेवढाच धीर."

काकू पदरानं कपाळ टिपत आणि हसत. जुन्या नाटकांत नट वाक्य विसरला, तर विंगेत पुस्तक घेऊन बसलेला माणूस ते हळूच पुरवी, आणि टाळ्या नटाला पडत. विंगेतल्या माणसानं कधी बाहेर येऊन नमस्कार केला नाही. काकूंचं तसंच होतं. ज्या माणसानं जन्मभर कानाच्या जोरावर मान मिळवला, त्याला तुझा कान गेला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा गुडघा बरा.

शिवाय त्यांचाही एक फायदा होता. गाडीत त्या मनातलं सगळं मोठ्यानं बोलत. नणंदेबद्दल, वरच्या गळणाऱ्या नळाबद्दल, शेजारी बसलेल्या चालकाबद्दल. घरी भिंतींना कान असतात म्हणतात, गाडीत कुणालाच नव्हते.

मग लेक आली. ती दुसऱ्या गावी नोकरी करायची, वर्षातून दोनदा येई. यावेळी आल्या आल्या तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि बाबांनी विचारलं, "बंद का केलास?"  दुपारी लेकीनं बाबांच्या मागं उभं राहून दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"बाबा, गाडीची किल्ली मला द्या."

"कशाला? तुला कुठं जायचंय? मी सोडतो."

"मला कुठं जायचं नाही. तुम्हीच जाऊ नये म्हणून मागतेय. तुम्हाला ऐकू कमी येतं."

काकांनी घास खाली ठेवला. "मला? ज्याच्या कानावर तुझी फी भरली गेली, त्याला?"

"फी भरली गेली, ती कधी. मी आजचं बोलतेय."

काकूंनी मध्येच वाटी सरकवली. "अगं, भाजी घे ना अजून."

"आई, तू मध्ये पडू नकोस. बाबा, एक करू. उद्या माझ्यासोबत बाजारापर्यंत एक फेरी मारा. नीट झाली, तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झाली, तर किल्ली माझ्याकडे आणि गाडी विकायची."

"कबूल," काका म्हणाले. "आणि फेरी नीट झाली की माझी माफी मागायची. आवारात. सगळ्यांसमोर."

 किल्ली गेली, तर काय जाईल हे काकूंनाच ठाऊक होतं. दुकान गेल्यावर हा माणूस कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला तिथून उठवलं होतं या राखाडी डब्यानं.

सकाळी आवारात चौघं जमली. चौथा औषधवाला, त्याला दुकानापर्यंत सोडायचं होतं, आणि खरं तर काय होतं ते पाहायचं होतं. काकू सवयीनं पुढचं दार उघडायला गेल्या.

"आई, तू मागं," लेक म्हणाली.

"मला मागं मळमळतं गं."

"बाजारापर्यंत? खिडकी उघडी ठेव. आणि पट्टा लाव."

काकू मागं बसल्या, पट्टा लावला आणि हात पुढं करून पाहिला. गुडघा लांब होता. खांदासुद्धा लांब होता. नेमका काकांच्या मागं औषधवाला बसला होता आणि काकू पलीकडच्या टोकाला.

गाडी निघाली. काका खुशीत होते. "ऐक," ते लेकीला म्हणाले, "ऐकू येतंय काही? शांत. देवळातली शांतता."

डॅशबोर्डमध्ये पत्त्यांचा डाव रंगात आला होता. लेकीनं औषधवाल्याकडे वळून पाहिलं. औषधवाल्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

पहिल्या चौकात मागून टँकरनं हॉर्न दिला. काकू खोकल्या. काका रस्त्याच्या मधोमध. काकू पुन्हा खोकल्या, आता जरा ठसक्यात. मग त्यांनी पायाशी ठेवलेली छत्री उचलली आणि दोन आसनांच्या फटीतून काकांच्या कमरेत खुपसली.

"अगं," काका दचकून म्हणाले, "छत्री कशाला टोचतेस? ऊन लागतंय का तुला?" आणि दचकल्यामुळं का होईना, बाजूला सरकले. टँकर निघून गेला.

"छत्री घसरली," काकू म्हणाल्या. लेकीनं मागं हात करून छत्री आपल्याकडे घेतली आणि मांडीवर ठेवली.

बाजाराच्या अलीकडच्या लांब रस्त्यावर मागून ॲम्ब्युलन्स आली. तिचा भोंगा आधी लांबून, मग जवळून, मग अगदी काचेला लागून. समोरच्या गाड्या कडेला झाल्या, सायकलवाला उतरून उभा राहिला, भाजीची हातगाडी मागं हटली. रिकाम्या झालेल्या रस्त्यावरून काका मजेत, एकाच वेगानं, मधोमध चालले होते.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "आपल्याला पाहून लोक वाट देतात."

लेकीनं त्यांच्या दंडाला धरलं. "बाबा, आरसा."

काकांनी वर पाहिलं. आरशात आधी त्यांना औषधवाला दिसला, दोन्ही तळहातांनी कान गच्च झाकलेला. त्याच्या मागं काचभर पसरलेली पांढरी गाडी आणि तिच्यावर फिरणारा लाल दिवा. आणि कोपऱ्यात काकू. पट्ट्यात अडकलेल्या, पुढं झुकलेल्या, आणि त्यांचा उजवा हात हवेत, गुडघ्याच्या उंचीवर, कुठल्याच गुडघ्याला न पोचलेला.

काकांनी गाडी कडेला घेतली. ॲम्ब्युलन्स शेजारून गेली, त्यांच्या दृष्टीनं अगदी अलगद, पाण्यातून मासा जावा तशी. मग त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं, घड्याळ उघडून आतलं पाहत तसं. 

"किती दिवस?" त्यांनी आरशातच विचारलं.

"काय किती दिवस?" काकू म्हणाल्या.

"मोठ्यानं बोल."

"दुकान होतं तेव्हापासून," काकू मोठ्यानं म्हणाल्या.

औषधवाला दार उघडून हळूच उतरला. "मी इथून चालत जातो," तो म्हणाला. पण जाता जाता थांबला, काकांच्या खिडकीशी वाकला आणि कानाजवळ तोंड नेऊन ओरडला, "काका, म्हणजे माझा डॅशबोर्ड वाजतो?"

"वाजत असणार रे," काका म्हणाले. "झोप चांगली आहे तुझी."

काकांनी किल्ली काढून लेकीच्या हातात ठेवली. तिनं पुन्हा मागायच्या आधीच. तिनं ती घेतली आणि आपलं जिंकणं कुठं ठेवावं हे तिला कळेना. पुढं गाडी तिनं चालवली. घरी न जाता ती सरळ कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी पत्ता ऐकला, कपाळावर आठ्या आणल्या, मग तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या इमारतीतून आलेला हा पहिला खरा रुग्ण.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या माणसानं घरी येऊन दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवली. तो गेल्यावर काका आधी आवारात उतरले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. किल्ली लेकीकडे होती, पण सुरू करायची गरजच नव्हती. दार किंचाळलं. प्लास्टिक करकरलं. लेकीनं बाहेरून गाडी धरून हलवली तेव्हा डॅशबोर्ड, डिकी, काच, पट्टा, सगळे एकदम बोलायला लागले. काका थोडा वेळ ऐकत राहिले.

"ही गाडी नाही," ते म्हणाले. "हे भांड्यांचं कपाट आहे."

"विकायची ना मग?" लेकीनं विचारलं. "ठरलं होतं."

"वीक. पण आधी मला आठवडा दे. या आवारात माझ्या शब्दावर आलेल्या गाड्या आहेत."

आणि माळ्यावरची पेटी खाली आली. तिच्यात बारीक पेचकस होते, चिमटे होते, आणि जुन्या घड्याळांच्या रिकाम्या डब्या, आतून निळ्या मखमलीनं मढवलेल्या. काकांनी औषधवाल्याच्या गाडीपासून सुरुवात केली. डॅशबोर्डला कान लावायचा, बोटानं ठोकायचं, मान तिरकी करायची, आणि नेमक्या फटीत चिमट्यानं मखमलीचा तुकडा बसवायचा. शाळेतल्या बाईंची गाडी झाली, शिंप्याची झाली, शिंप्याच्या मेहुण्याची झाली. कोणी माफीचं बोललं नाही. शिंपी फक्त म्हणाला, "काका, मखमल कमी पडली तर माझ्याकडे आहे."

"रंग कुठला?"

"जांभळा."

"चालेल. आत कोण बघतंय?"

लेक गॅलरीतून हे रोज पाहत होती. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बाबांना तिनंही एकेकाळी पाहिलं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं किल्ली टेबलावर, त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली.

"कानात यंत्र असेल, तरच. आणि आई पुढं बसेल."

"आणि माफी?" काका म्हणाले.

"कोणी कोणाची मागायची, ते तुम्ही दोघं ठरवा."

तिला स्टेशनवर सोडून दोघं परत निघाली. आपल्या गाडीला मखमल लावायची काकांकडून राहूनच गेली होती, त्यामुळं पत्त्यांचा डाव चालू होता. त्या आवाजावर काकू सवयीनं बोलत होत्या, की आता या वळणावर हे नक्की वेळ लावणार, जसं काही पलीकडं कोणी दिवा ओवाळायला उभं आहे, आणि नणंदेला काल फोन केला तर तिनं साधं कसे आहात विचारलं नाही.

"तू गाडीत नेहमी एवढी बोलतेस?" काकांनी विचारलं.

काकूंनी पदरानं कपाळ टिपलं. "आजच बोलले," त्या म्हणाल्या.

चौकात मागून हॉर्न आला. काकांनी तो स्पष्ट ऐकला, अगदी कुठल्या गाडीचा असावा इथपर्यंत. पाय ब्रेककडे निघालाही. पण तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यावर एक थाप पडली. काकूंच्या लक्षातही आलं नव्हतं, हात आपला आपणच गेला होता.

काकांनी आरशात पाहिलं, जसं काही आत्ताच कळलं, आणि गाडी बाजूला घेतली.

पुढच्या चौकात पुन्हा हॉर्न आला. काका थांबले, बाजूला होण्याआधी थोडं थांबले. मागचा माणूस चिडून दुसऱ्यांदा वाजवू लागला. मग थाप पडली.

संध्याकाळी औषधवाल्यानं आपल्या एका गिऱ्हाइकाला खाली आणलं. त्याला तशीच गाडी घ्यायची होती आणि अनुभव ऐकायचा होता. काका गाडीभोवती फिरले, बॉनेटवर हात ठेवला, आणि जरा विचार करून म्हणाले, "आवाज करते. दर वर्षी जास्त करते. पण घे तू. बाजूला बसायला कोणी भित्रं माणूस आहे ना तुझ्याकडे?"